डॉ. कमल रणदिवे आणि परळची प्रयोगशाळा

भाद्रपद सरत आला म्हणजे पुण्याच्या मंडईत सीताफळांची रेलचेल सुरू होते. सासवडाकडच्या, पुरंदराच्या डोंगरउतारावरच्या फळांच्या पाट्या पहाटेस येऊन पडतात आणि उजाडल्यावर त्यांभोवती गिऱ्हाइकांची झुंबड उडते. फळ दाबून पाहिल्यावाचून पैसे काढावयाचे नाहीत, हा आम्हां पुणेकरांचा जुना बाणा. "दाबू नका हो दादा, डोळे उघडलेलं बघून घ्या," असे पाटीपुढे बसलेल्या मावशींनी आम्हांस गेल्या मोसमात बजावले, आणि आम्ही निमूटपणे डोळे उघडलेली चार फळे पिशवीत टाकली. ह्याच फळाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरून पुण्याच्या एका मुलीने आपल्या शास्त्रीय आयुष्याचा आरंभ केला आणि पुढे सबंध हयात कर्करोगाच्या शोधात घालविली, ही गोष्ट त्या वेळी आमच्या मनात घोळत होती. परंतु ती आम्हांस ठाऊक होऊन फार दिवस झाले नव्हते, हेही येथे कबूल केले पाहिजे.

२०२१ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या ८ तारखेस गुगलच्या पहिल्या पानावर सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या एका बाईंचे चित्र झळकले. त्या दिवशी घरातील धाकट्या मंडळींनी विचारले, "ह्या कोण?" आम्हांस सांगता आले नाही. ज्या गावात त्या जन्मल्या, वाढल्या व शिकल्या, त्याच गावात आमचे सारे आयुष्य गेले, नाटकमंडळ्यांचे व राजकारणी पुरुषांचे तपशील आम्हांस मुखोद्गत, आणि डॉ. कमल रणदिवे हे नाव मात्र एका परक्या कंपनीने दाखवावे तेव्हा आम्ही पाहावे! त्या दिवसाची रुखरुख हेच प्रस्तुत लेखाचे कारण होय.

रणदिवेबाईंचे माहेरचे आडनाव समर्थ. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यास झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलगी हुजूरपागेत शिकली. मंडईपासून ही शाळा पायी दहा-बारा मिनिटांच्या वाटेवर आहे, आणि ह्या लहानशा टापूत स्त्रीशिक्षणाचा इतिहास किती दाट भरला आहे ह्याचे भान भाजी घ्यावयास जाणाऱ्यास सहसा नसते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा येथून हाकेच्या अंतरावर. हुजूरपागेची शाळा १८८४ मधली. खुद्द मंडईची इमारत १८८६ साली 'रे मार्केट' म्हणून उघडली. हिच्यावर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणाकडे लावावा, असा विरोध नगरपालिकेत जोतीरावांनी केला होता. पुढे त्याच इमारतीस त्यांचे नाव देण्यात आले. पुण्याला असल्या गोष्टींचे काही वाटत नाही.

मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच लग्न करावे, असा वडिलांचा मानस होता. मुलीने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. फर्ग्युसनमध्ये तिने वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेतले, उत्तम गुणांनी पदवी मिळविली आणि १९३९ च्या मे महिन्यात ज. त्र्यं. रणदिवे ह्या गणितज्ञाशी विवाह केला. त्या काळी मुलीने वडिलांचा बेत मोडणे आणि वडिलांनी तो मोडू देणे ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच विरळा होत्या. येथे पित्याचा मोठेपणा असा की, पुढे पेशींचे शास्त्र हा विषय घेण्याची सूचना त्यांचीच होती. आणि पतीचा असा की, पत्नीच्या पुढील शिक्षणास त्यांनी मनापासून हातभार लावला.

एम्. एस्सी.ची पदवी त्यांना १९४३ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून मिळाली. विषय होता सीताफळ, रामफळ ज्यांत मोडतात त्या कुळातील वनस्पतींच्या पेशी व त्यांमधील गुणसूत्रे. आनुवंशिक गुण ज्यांवर वाहिले जातात असे हे सूक्ष्म धागे. पेशी दुभंगते त्या क्षणी ते आखडून ठळक होतात व तेवढ्यात ते मोजून घ्यावे लागतात. सीताफळाच्या पेशीत ते १४ असतात. हे काम वाचावयास सोपे, करावयास महाकठीण. माणसाच्या पेशीतील गुणसूत्रांची खरी संख्या ४६ आहे, हे सुद्धा जगाला १९५६ साली कळले. तोवर जाणत्या पंडितांच्या पुस्तकांतून ४८ हा आकडा बिनदिक्कत छापला जात होता. आणि १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी नॉवेल व हंगरफर्ड ह्या दोघांस एका जातीच्या ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, रोग्यांत एक विशिष्ट गुणसूत्र आखूड झालेले आढळले, तेव्हा कर्करोगाचा दोष पेशीच्या ह्या धाग्यांतच असू शकतो ह्याचा पहिला डोळ्यांनी दिसणारा पुरावा हाती आला. म्हणजे १९४३ साली पुण्यात सीताफळावर बसून जी विद्या शिकता येत होती, ती विद्या वरवर दिसते तितकी कर्करोगापासून दूर नव्हती.

विवाहानंतर रणदिवेबाई मुंबईस गेल्या व परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. ह्या रुग्णालयाच्या जन्माची हकीकत आमच्या विषयाशी निगडित असल्यामुळे थोडी विस्ताराने सांगणे अवश्य आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ च्या जून महिन्यात वेल्समध्ये वारल्या. त्यांस ल्युकेमिया झाला होता. वय अवघे ५१. घरी संपत्तीला तोटा नव्हता. दोराबजींनी पत्नीस दिलेला 'ज्युबिली' हिरा २४५ कॅरटांचा होता. १९२४ साली पोलादाचा कारखाना अडचणीत आला असता तो गहाण ठेवून वेळ निभावून नेल्याचे प्रसिद्धच आहे. परंतु त्या काळी ल्युकेमियावर राजालाही औषध नव्हते आणि रंकालाही नव्हते. पत्नीमागून दोराबजींनी तिच्या नावे १९३२ साली एक विश्वस्त निधी स्थापिला, तो मुख्यतः ल्युकेमियाच्या संशोधनासाठी. आणि त्याच वर्षी ते स्वतः निवर्तले. त्यांच्या विश्वस्तांनी २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळास टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. एका स्त्रीच्या रक्ताने दगा दिला, त्यातून ही इमारत उभी राहिली आणि तीत दुसरी एक स्त्री सूक्ष्मदर्शक घेऊन बसली.

हा रोग आहे तरी काय? १८४५ साली बर्लिनमध्ये फिर्खो व एडिंबरोस बेनेट यांनी स्वतंत्रपणे असे रोगी वर्णिले, की ज्यांचे रक्त मरणोत्तर तपासणीत पुवासारखे फिकट दिसत होते. बेनेटने त्यास पू मानले; फिर्खोने मात्र ओळखले की हा पू नव्हे, रक्तातील पांढऱ्या पेशीच भरमसाट वाढल्या आहेत, आणि १८४७ साली त्याने 'पांढरे रक्त' ह्या अर्थाचे ग्रीक नाव रोगास दिले. हाडांच्या पोकळीतील मज्जेत आपल्या रक्ताचे कण तयार होतात. ल्युकेमियात तेथे अर्धवट वाढीच्या पांढऱ्या पेशींचा नुसता सुळसुळाट होतो. त्या रोगजंतूंशी लढण्याच्या कामाच्या तर नसतातच, उलट तांबड्या कणांस व रक्त गोठविणाऱ्या कणिकांस जागा उरू देत नाहीत. मग अंग पांढरेफटक पडते, हिरड्यांतून रक्त येते, ताप हटत नाही. पोराबाळांस होणारा तीव्र प्रकार त्या काळी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जीव घेई.

परळास रणदिवेबाईंस गुरू लाभले ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. विकृतिशास्त्रातील त्यांचा अधिकार फार मोठा. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या १००० रोग्यांचा त्यांचा आढावा १९४४ साली अमेरिकेतील एका प्रमुख शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तंबाखू-चुन्याची गोळी गालात धरणाऱ्या आमच्या देशबांधवांनी तो तेव्हाच वाचला असता तर बरे झाले असते. (मंडईच्या आसपासच्या तंबाखूच्या दुकानांवर आजही गर्दी असते, ह्यावरून तो अद्याप वाचला गेला नाही असे दिसते.) खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवेबाईंनी मुंबई विद्यापीठाची पीएच्. डी. १९४९ साली मिळविली.

त्यांचे मुख्य साधन होते उंदीर. वाचकांस हसू येईल. परंतु ज्यास मनुष्याच्या रोगाचे मूळ शोधावयाचे आहे त्यास मनुष्यावर प्रयोग करता येत नाहीत, आणि सरसकट मिळेल तो उंदीर घेऊनही भागत नाही. एकाला कर्करोग झाला व दुसऱ्याला झाला नाही, तर तो आनुवंशामुळे की अन्नामुळे की आणखी कशामुळे, हे कसे ठरवावे? म्हणून भावंडांचा संकर करीत करीत वीस पिढ्यांपर्यंत एकच वंश शुद्ध करावा लागतो. उंदराची एक पिढी साधारण तीन महिन्यांची धरली तरी नुसता वंश तयार होण्यास पाच वर्षे गेली, प्रयोग त्यापुढे. रोज पिंजरे साफ करावयाचे, प्रत्येक पिलाची वंशावळ लिहावयाची, कोणती मादी केव्हा व कशाने मेली त्याची नोंद ठेवावयाची. आपल्याकडे राजघराण्यांच्या बखरीसुद्धा इतक्या काटेकोरपणे लिहिलेल्या नाहीत. परळास पुढे असा जो वंश सिद्ध झाला तो त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून 'आयसीआरसी' ह्या नावाने ओळखला जातो. त्यातील माद्यांस स्तनाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात होतो. शिवाय त्या वंशात अन्ननलिका फुगण्याचा एक उपजत विकारही दिसून आला, आणि त्यामुळे अन्ननलिकेच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्यांसही तो उपयोगी पडला.

बिटनर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३६ साली दाखवून दिले होते, की कर्करोगप्रवण वंशातील पिलू जन्मतःच दुसऱ्या निरोगी वंशाच्या मादीस पाजावयास दिले तर त्याला पुढे स्तनाचा कर्करोग क्वचितच होतो. म्हणजे काहीतरी दुधावाटे उतरते. ते 'काहीतरी' पुढे विषाणू ठरले. रणदिवेबाईंच्या कामाचा गाभा येथे आहे. आनुवंशिक प्रवृत्ती, शरीरातील संप्रेरके आणि अर्बुदाचा विषाणू ह्या तिहींचा परस्परांशी संबंध काय, केवळ एकाच्या माथी सारा दोष मारता येतो काय, हा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे धरून ठेवला आणि ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत हे दाखविले. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशाशी संबंध सांगणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

डॉक्टरेटनंतर खानोलकरांच्याच आग्रहाने त्या अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत, जिवंत पेशी वाढविणे ही गाय यांची विद्या. कोंबडीच्या रक्ताचा द्रव, गाईच्या गर्भाचा अर्क, मानवी नाळेतील रक्त असली सामग्री एकत्र करून ते पेशींस अन्न पुरवीत व नळ्या एका फिरत्या पिंपात संथपणे घोळवीत ठेवीत. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स ह्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातील पेशी त्यांनी वाढविल्या. त्या आजतागायत जगभर वाढतच आहेत. त्या पेशी तिच्या किंवा तिच्या घरच्यांच्या संमतीने घेतल्या नव्हत्या, हा त्या यशावरील डाग आहे व तो पुसण्याचे कारण नाही.

अशा ठिकाणी शिकलेल्या माणसास तेथेच राहणे किती सोईचे असते! हवे ते रसायन सकाळी मागवावे, संध्याकाळी हजर. रणदिवेबाई परत आल्या. १९५२ साली परळास 'इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर' स्थापन झाले होते. तेथे त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. भारतातील ती पहिली, असे मानले जाते. काचेत पेशी जगविणे म्हणजे तान्ह्या मुलाची शुश्रूषाच: उष्णता शरीराइतकी हवी, आम्लता किंचितही ढळता कामा नये, आणि हवेतील एखादा जंतू आत शिरला की महिन्याची मेहनत एका रात्रीत आंबून जाते. मुंबईच्या दमट पावसाळ्यात बुरशी कशावर धरत नाही ते मुंबईकरांस विचारावे! १९६० नंतरच्या वर्षांत त्यांनी जीवशास्त्राचे व रसायनशास्त्राचे तरुण अभ्यासक गोळा करून कर्करोगजनन, पेशीविज्ञान आणि रोगप्रतिकारशास्त्र अशा नव्या शाखा तेथे सुरू केल्या. १९६६ पासून १९७० पर्यंत संस्थेच्या संचालकपदाची धुरा त्यांनी प्रभारी म्हणून वाहिली. दोनशेंहून अधिक निबंध त्यांच्या नावावर आहेत.

रणदिवेबाईंस ल्युकेमियाच्या वैद्य म्हणणे चुकीचे होईल. त्या रोग्यांस औषध देणाऱ्या नव्हत्या. मग ह्या रोगाच्या इतिहासात त्यांचे स्थान कोणते? ह्याचे उत्तर उंदरांच्या पिंजऱ्यांतच आहे. १९५१ साली न्यूयॉर्कमध्ये लुडविक ग्रॉस ह्याने दाखविले, की ल्युकेमिया होणाऱ्या वंशाच्या उंदरातील पेशी पूर्णपणे गाळून काढलेला अर्क दुसऱ्या, निरोगी वंशाच्या नुकत्याच जन्मलेल्या पिलास टोचला तर त्यालाही पुढे ल्युकेमिया होतो. प्रौढ उंदरांवर हाच प्रयोग अनेकांनी करून सोडून दिला होता. पिलू एका दिवसाच्या आतले असले पाहिजे, एवढीच मेख होती. शुद्ध वंश हाताशी नसते तर हा शोध लागणे केवळ अशक्य. प्राण्यांत कर्करोगाचे असे नमुने सिद्ध करून त्यांवर कारणांचा शोध घेणे, हेच परळास रणदिवेबाईंनी केले, आणि स्तन व अन्ननलिका यांच्या कर्करोगांबरोबर ल्युकेमियाच्या कारणांविषयीचे ज्ञानही त्यांच्या ह्या कामाने पुढे सरकले. माणसाच्या बहुतेक ल्युकेमियांस उंदरासारखा विषाणू कारण नसतो, हे पुढे स्पष्ट झाले. परंतु एक शक्यता खोडण्यासही कोणीतरी ती आधी नीट तपासावी लागते.

रोग्याच्या उशाशी जे घडत होते त्याचाही एक धागा परळास येऊन मिळतो, म्हणून आडवाटेस जाण्याचा दोष पत्करून तो सांगतो. १९२८ साली ल्यूसी विल्स ह्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या व परळच्याच हाफकीन संस्थेत गरोदर स्त्रियांच्या, त्यातही गिरणीत राबणाऱ्या बायकांच्या, पंडुरोगाचा शोध करू लागल्या. 'मारमाइट' नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्काने हा पंडुरोग बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल. अमेरिकेत लेडर्ले कंपनीत आपल्या आंध्रातील येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या हाताखालील मंडळींनी ते प्रयोगशाळेत बनविले, आणि मग त्याच्यासारखेच दिसणारे पण पेशीस फसवून तिची वाढ रोखणारे द्रव्यही बनविले. बोस्टनच्या सिडनी फार्बरने ते ल्युकेमियाच्या १६ मुलांस दिले. १० मुलांस काही काळ उतार पडला. हा निकाल १९४८ साली छापून आला. उतार टिकला नाही; परंतु ह्या रोगास औषध लागू पडते, हे लेडी मेहेरबाईंच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी प्रथमच दिसले. टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले मज्जारोपण १९८३ साली केले, ती ह्याच वाटेवरील पुढची मजल होय.

रणदिवेबाईंच्या हातून घडलेले दुसरे मोठे काम कर्करोगाचे नव्हेच. कुष्ठाचा जंतू कृत्रिम अन्नावर आजवर कोणासही वाढविता आलेला नाही. पेशी काचेत जगविण्याची विद्या हाती असल्याने परळच्या मंडळींनी हाही प्रयत्न केला, आणि १९५८ साली बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून एक जंतू वाढवून दाखविला. हा प्रत्यक्ष कुष्ठाचा जंतू नव्हे, त्याच्या दूरच्या भाऊबंदांपैकी आहे, असे मागाहून निष्पन्न झाले. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी हे प्रकरण फजितीत जमा झाले असते. येथे तसे झाले नाही. त्याच जंतूपासून १९७९ साली डॉ. माधव देव यांनी कुष्ठाची लस तयार केली; आणि दक्षिण भारतात चार लशींची तुलना करणारी जी प्रचंड चाचणी झाली तिच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात ह्या लशीचे संरक्षण सुमारे ६५ टक्के, म्हणजे चारींत सर्वांत अधिक, भरले. १९६४ साली वाटुमल प्रतिष्ठानचे व भारतीय वैद्यक परिषदेचे अशी दोन पारितोषिके रणदिवेबाईंस मिळाली; पद्मभूषण १९८२ साली मिळाले.

१९७३ साली त्यांनी अकरा सहकारी स्त्रियांबरोबर भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संस्था स्थापिली. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईस प्रयोगापेक्षा घरी ठेवून आलेल्या मुलाची चिंता अधिक छळते, हे ज्यांनी भोगले त्यांनीच ती काढली. नवी मुंबईत वाशीस ह्या संस्थेने पुढे वसतिगृह व पाळणाघरही चालविले. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांनी शिकून परत यावे असे रणदिवेबाई सांगत. स्वतः परत आलेल्या असल्यामुळे त्यांस ते सांगण्याचा अधिकार होता. आमच्यासारख्यांनी सांगितले तर मुले ऐकून घेत नाहीत.

निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात जाऊ लागल्या. आदिवासींच्या रक्ताचे गुणधर्म आणि तान्ह्या मुलांचे आरोग्य हा त्यांच्या अखेरच्या कामाचा विषय होता. सत्यनिकेतन ह्या तेथील संस्थेच्या साह्याने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली आणि बायकांस आरोग्याच्या साध्या गोष्टी शिकविण्याचे वर्ग चालविले. ११ एप्रिल २००१ रोजी त्या निवर्तल्या. त्यांची संस्था पुढच्याच वर्षी परळ सोडून खारघरास गेली, आणि उंदरांचे पिंजरेही तिच्याबरोबर गेले.